बिननंबरी जर्सी

१४ सप्टेंबर

ठोंब्या,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने लिहिण्यात अर्थ नाही. एकदाच घे आणि पुरवून वापर.

लेकीच्या घरी मी रुळले आहे असं सगळे म्हणतात, म्हणजे रुळले असेन. चौथा मजला, एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्यांची खिडकी. ती दोघं सकाळी कामावर जातात, मग घर माझं. फोन करू नकोस. कानातलं यंत्र लावलं की नुसती शिट्टी वाजते, आणि काढलं की तीही वाजत नाही. तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं असलं तरी निदान दिसतं. पत्रच लिही.

आता कामाचं. तुमच्या क्लबाच्या फुटबॉलच्या मॅच इथल्या टीव्हीवरही लागतात. मी आवाज बंद ठेवून पाहते आणि ह्यांच्या वेळी करायचे तसाच तक्ता करते आहे. जुन्या कॅलेंडरची पाठ घ्यायची, प्रत्येक मॅचला एकाखाली एक तीन चौकोन काढायचे: जर्सी, चड्डी, मोजे. तुला आठवतं ना, हे मॅचवरून यायचे, दारातच ओले मोजे काढून एकात एक खोवून न्हाणीघरात टाकायचे आणि बाकीच्या ओल्या कपड्यांत तसेच घरभर हिंडायचे. स्वयंपाकघरात येऊन सांगायचे, "आज हिरवी, पांढरी, हिरवे." मी आधी फरशीसाठी ओरडायची आणि मग रंगवायला बसायची.

लोकांना वाटतं संघाला एकच गणवेश असतो. पण समोरच्यांची चड्डीही पांढरी निघाली की रेफरी हटकतो, मग आपण निळी घालायची, मग मोजे फिरवायचे. वर्षभरात किती जोड्या जमतात ते फक्त संघाचे कपडे सांभाळणाऱ्या किटवाल्याला ठाऊक. आणि किटवाल्याच्या बायकोला. हे गेले म्हणून तक्ता थांबवावा असं मला वाटलं नाही. त्यांच्या जागी तू लागलास, तेव्हा तुझ्यावर कुणाचा तरी डोळा हवाच.

तर सांग. शनिवारच्या बाहेरच्या मॅचला पिवळी जर्सी, काळी चड्डी, पिवळे मोजे, इथपर्यंत ठीक. मध्यंतरानंतर मोजे काळे कसे झाले?

तुझी ताई


२५ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. तूही पुरवून वापर.

मोजे पिवळेच होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझ्या टीव्हीचा रंग गेला असेल, नाहीतर चिखल जास्त असेल. जावयाला सांगून टीव्ही दाखवून घे.

इथे कपड्यांच्या खोलीत सगळं दाजींनी लावून ठेवलं होतं तसंच आहे. दोन धुलाई यंत्रं, त्यातलं जुनं अजूनही कपडे पिळताना खोलीभर चालत जातं; मी त्याला पायाने परत भिंतीशी लोटतो. वर दोऱ्या, खाली गरम पाण्याचा पाइप. दाजींची खुर्ची दाराजवळ. तिच्यावर मी बसत नाही, कपडे ठेवतो. नव्या मालकांनी यंदा क्लबाचा रंग हिरव्याचा निळा केला तेव्हा जुने हिरवे कपडे सगळे बाहेर गेले. फक्त मॅचला न्यायच्या ट्रंकेच्या तळाचा थर मी हलवलेला नाही. गेल्या मोसमातल्या शेवटच्या मॅचला दाजींनी स्वतः भरलेला आहे तो. बिननंबरी जोडी. हिरवी जर्सी, पांढरी चड्डी, हिरवे मोजे.

तुला माहीतच आहे, पण लिहितो. खेळाडूला रक्त आलं, जर्सी माखली की रेफरी त्याला बाहेर काढतो. तेव्हा घालायला एक जर्सी पाठीवर आकडा नसलेली ठेवतात. दाजींचा नियम असा की नुसती जर्सी ठेवून भागत नाही. त्या दिवशी संघाची जी जोडी असेल तीच पूर्ण, चड्डी-मोज्यांसकट ठेवायची. ज्याच्यावर ती घालायची वेळ येईल तो मैदानात परका दिसता कामा नये, म्हणायचे. मला तेवढा उरक नाही गं. यंदा अजून कुणाला रक्तही आलेलं नाही. म्हणून तळचं तळाशी राहू दिलं आहे. त्यांच्या हातची घडी आहे, मोडवत नाही.

जेवण वेळेवर घे. चिमणीला माझे आशीर्वाद. ती आता साहेबीण झाली तरी मला ती चिमणीच.

तुझा ठोंब्या


२० ऑक्टोबर

ठोंब्या,

टीव्ही दाखवला. उत्तम आहे. मी आयुष्यभर शाळेत पोरांना रंग शिकवले. पिवळा आणि काळा यांच्यात माझी गल्लत होईल, ती मी तुझी बहीण आहे हे विसरल्यावर. पण सोड. मोज्यांचं सोडलं मी.

दुसरंच विचारायचं आहे. गेल्या तिन्ही मॅचला तुमच्यात एक जण वेगळ्याच कपड्यात का आहे? हिरवी जर्सी, पांढरी चड्डी, हिरवे मोजे. पहिल्यांदा वाटलं राखीव खेळाडू कडेला पळत असेल. पण तो रेषेच्या आत असतो. लांबच्या कोपऱ्याजवळ, कॅमेऱ्याकडे पाठ करून. पाठीवर आकडा नाही. चेंडू त्याच्याकडे कुणी देत नाही, तोही मागत नाही. नुसता बरोबर पळतो.

लेकीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "कुठे, आई?" मी बोट ठेवलं काचेवर. ती बोटाकडेच बघत राहिली.

मी म्हणाले असते की मला भास झाला. पण काल समोरच्या संघाचा एक दांडगा पोरगा चेंडू घेऊन सरळ त्याच्या अंगावर आला आणि ऐन वेळी त्याला वळसा घालून गेला. जो नाहीच, त्याला कुणी वळसा घालतं का?

तक्त्यात मी त्याच्यासाठी बाजूला वेगळे तीन चौकोन काढले आहेत. कोण आहे तो?

ताई


१ नोव्हेंबर

ताई,

हिरव्या कपड्यात आमच्यात कुणी नाही. असता तर रेफरीने पहिल्या मिनिटाला बाहेर काढला असता आणि मागोमाग मलाही. तू फार वेळ टीव्हीजवळ बसतेस. जरा खाली उतरून चार पावलं फिरून येत जा.

बाकी ठीक. ट्रंकेत कुठूनतरी पाणी झिरपतं आहे, बहुतेक बाटली सांडते. तळचे कपडे ओले होतात. वाळवतो आणि परत ठेवतो. बाटल्या आता वेगळ्या पिशवीत घालणार आहे.

आमचा गोलकीपर, ज्याला सगळे भिंत म्हणतात, त्याने परवा पेनल्टी अडवली. सगळ्यांनी त्याला उचलून नाचवलं. निळी, निळी, पांढरे. लिहून घे.

तुझा ठोंब्या


९ डिसेंबर

मामा,

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तू रागावशील, पण शेवटपर्यंत वाच.

आईचं काहीतरी बिघडतं आहे. परवा मी घरी आले तर दूध उतू जाऊन गॅस विझलेला, घरभर वास, आणि ती शेजारच्या खोलीत तक्ता रंगवत बसलेली. ऐकू येत नाही हे कारण मलाही कळतं. पण तिला मॅचमध्ये एक माणूस दिसतो. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे, मामा. तिथे कुणी नसतं. आणि ती तो कसा उभा आहे, कुठे वळला, ते सांगत राहते. तिची नजर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, खरोखर काहीतरी सरकत असल्यासारखी. मला माझ्याच घरात भीती वाटली.

आम्ही तिला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय आहे, लगेच काही सांगता येत नाही. पण तक्ता पाहून ते खूश झाले. म्हणाले, ही आयतीच परीक्षा आहे. संघाने खरंच काय घातलं होतं ते ठाऊक असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. चूक किती आणि वाढते आहे का, ते दिसेल. असा माणूस तूच आहेस.

नक्कल सोबत आहे. बरोबर असेल तिथे खूण कर, चूक असेल तिथे फुली. सप्टेंबरमधल्या काळ्या मोज्यांवर तू चूक म्हणालास असं आईच बोलली होती, तर तिथे मी आधीच फुली मारली आहे.

मार्चच्या अखेरीस एका संस्थेत खोली रिकामी होते आहे. चांगली जागा आहे. तिथे चोवीस तास माणूस असतो. पण टीव्ही सगळ्यांचा मिळून एकच आहे, आणि तिने तिथे जायचं नाही असं मला हजारदा सांगितलं आहे. तुझ्या उत्तरावर ठरवू.

तुझी चिमणी


१८ डिसेंबर

ताई,

चिमणीने तुला न सांगता मला पत्र लिहिलं. ते तुला सांगून मी तिचा विश्वास मोडतो आहे, पण दुसरा इलाज नाही. तुझा तक्ता माझ्याकडे तपासायला आला आहे. मी फुल्या मारल्या तर मार्चमध्ये तुला संस्थेत नेतील.

मोजे काळेच होते. मध्यंतराला सगळे चिखलाने भिजले आणि दुसरा संच मी इथे पाइपवर वाळत विसरून गेलो होतो. यजमानांच्या किटवाल्याकडून काळे मागून आणले. दाजींच्या इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, आणि मी लागून महिना झाला नव्हता. म्हणून तुला खोटं सांगितलं. त्या खोट्याची फुली तुझ्या नावावर जाईल असं कुणाला वाटलं असतं?

आता दुसरं. दाराला कडी लावून लिहितो आहे, भरदिवसा, म्हणजे बघ.

बाटली सांडत नाही, ताई. बाटल्या मी वेगळ्या नेतो, तरी प्रत्येक मॅचनंतर तळचे कपडे ओले निघतात. वरचे थर कोरडे, धुऊन घडी केलेले, आणि त्यांच्याखाली हिरवी जर्सी घामाने भिजलेली. वास पाण्याचा नाही, घामाचा. चड्डीच्या मागे गवताचा डाग. मी धुतो, वाळवतो, घडी करून परत तळाशी ठेवतो, ट्रंकेला कुलूप लावतो, किल्ली गळ्यात. मॅच संपल्यावर उघडतो तर पुन्हा तेच. परवा हात लावला तर जर्सी गरम होती. आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखी. आणि मोजे एकात एक खोवलेले. मी मोजे खोवत नाही, गाठ मारतो. तू लहानपणी शिकवलीस तशी.

ती पेनल्टी. भिंत नंतर माझ्याकडे आला, हातमोजे सोडवता सोडवता म्हणाला, "मामा, गोलच्या मागे कोण उभा केला होतास? कानाशी येऊन डावीकडे म्हणाला." मी म्हटलं, प्रेक्षक असेल. तो म्हणाला, "त्या बाजूला प्रेक्षक नसतात." मग स्वतःच हसला आणि आंघोळीला गेला.

तू बरोबर आहेस. पहिल्यापासून बरोबर आहेस. पण हे चिमणीला कसं लिहू? आणि ताई, तो जो कुणी आहे तो... तू ओळखलंस का?

ठोंब्या


२ जानेवारी

ठोंब्या,

तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं, आणि वाचून तिथेच बादली उपडी घालून बसले. गेले दोन महिने मी रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेते. आज वार कुठला, जावयाचं आडनाव काय, दूध कुठे ठेवलं. सगळं येतं. आणि शनिवार आला की तो येतो. मला वाटत होतं डोक्याचा एकच कप्पा कुजतो आहे. तुझ्या मोज्यांच्या फुलीने मला जेवढं रडवलं तेवढं तू लहानपणी माझी शाई पिऊन टाकलीस तेव्हाही रडले नव्हते. पण आता माफ. बोलावंसं वाटलं तर उन्हाळ्यात समोर बसून बोलेन.

तू जे विचारायचं टाळलंस ते वाचलं. नाही, हे नाहीत. ह्यांना गुडघ्यामुळे जिना चढताना कठडा लागायचा. हा पळतो. तरण्या घोड्यासारखा पळतो. पाठीवरून मी नवरा ओळखणार नाही?

चिमणीला हे काही लिहायचं नाही. लिहिलंस तर दोघांना शेजारच्या खोल्या मिळतील, आणि मला म्हातारपणी तुझं घोरणं ऐकू येत नसलं तरी बघायचं नाही. तिला फक्त खरं आहे तेवढंच लिही: मोजे काळे होते, खोटं तू बोललास, आणि हिरवी, पांढरी, हिरवे अशी जोडी खरोखर तुझ्या ट्रंकेत असते. पुढचं लिहायची गरज नाही.

आता काम सांगते. तो मला का दिसतो याचा मी विचार केला. बाकीच्यांची जोडी एक आणि त्याची निराळी, म्हणून. ह्यांचा नियम तू मोडलास, आणि तो बिचारा गेल्या वर्षीच्या कपड्यांत यंदाची मॅच खेळतो आहे. परका दिसतो आहे. पुढच्या मॅचपासून तळाशी त्या दिवसाची जोडी ठेव. सगळी, मोज्यांसकट. मग मला तो वेगळा दिसणार नाही, मी वेगळे चौकोन काढणार नाही, आणि तक्ता स्वच्छ राहील.

मार्चपर्यंत पुरेशा मॅच आहेत.

ताई


२७ जानेवारी

ताई,

चिमणीला तू म्हणालीस तेवढंच लिहिलं. तिचं उत्तर आलं. मोज्यांवरून मला एक पानभर झापलं आहे, अगदी तुझ्या वळणावर. खाली लिहिते, डॉक्टर म्हणाले मार्चपर्यंत पाहू. यापुढचा तक्ता जुळला तर संस्थेचा विचार सोडू.

तळचा थर मोडला. दाजींची घडी होती, हात धजत नव्हता. हिरवी जोडी धुऊन त्यांच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्या जागी त्या दिवसाची ठेवली: पिवळी, निळी, पिवळे. जर्सी बिनाआकड्याची, नव्या संचातली, मीच शोधून काढली.

मॅचनंतर ट्रंक उघडली. पिवळी जर्सी भिजलेली होती. हिरवी खुर्चीवर कोरडी, जशीच्या तशी.

आम्ही जिंकलो. किती काळाने जिंकलो. बसमध्ये सगळे गात होते. भिंत माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आज एक जण जास्त असल्यासारखं खेळलो, मामा." जिंकल्यावर सगळेच असं म्हणतात, ताई. मी नेहमी हो म्हणतो. या वेळी गळ्यातली किल्ली चाचपत बसलो.

तू पाहिलंस का?

ठोंब्या


१९ फेब्रुवारी

ठोंब्या,

पाहिलं, आणि नाही पाहिलं.

पिवळी, निळी, पिवळे. सगळे सारखे. मी काचेला नाक लावून एकेक पाठ तपासली. आकडा नसलेली पाठ शोधत राहिले, पण कॅमेरा थांबतो कुठे? एकाच्या मागून दुसरा, दोघांच्या मधून तिसरा. एकदा वाटलं हा, तर वळला आणि तो तुमचा लांब केसांचा निघाला. मॅच संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोल कुणी केले तेही मी पाहिलं नाही.

पुढच्या दोन्ही मॅचला तसंच. तक्ता स्वच्छ आहे. लेक शेजारी येऊन बसते आता, मी काही दाखवत नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला आहे. परवा तिने माझ्या केसांना तेल लावून दिलं. मध्येच पुढे वाकून विचारलं, "आई, तो माणूस?" मी म्हटलं, "कुठला?" तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा फिरायला लागला.

पण तुला सांगते. हिरव्यात होता तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं. बाजारात हात सुटलेल्या पोरासारखं झालं आहे. फरक इतकाच की पोर मी आहे की तो, ते कळत नाही.

आणि आणखी एक. तो वेगळा दिसत होता तोवर समोरचे त्याला वळसा घालत होते. आता कुणी घालत नाही. तो आता सगळ्यांत मिसळला. मी सांगितलेलं बरोबर होतं की नाही, कोण जाणे. दुसरा उपाय मला सुचला नाही.

ताई


३० मार्च

ताई,

आधी आनंदाचं. चिमणीचं पत्र कालच आलं: संस्थेला नाही कळवलं, खोली दुसऱ्या कुणाला गेली. मी एकटाच धुलाई यंत्रासमोर टाळ्या वाजवल्या.

शनिवारी मोसम संपला. शेवटची मॅच बाहेरची. पांढरी, निळी, पांढरे. वर्षभरात ही जोडी एकदाही लागली नव्हती. तुझ्या तक्त्यात नवे तीन चौकोन.

परत येऊन ट्रंक उघडली. एकेक थर काढला. तळाशी काही नव्हतं.

कुलूप नीट होतं, किल्ली गळ्यात. बिननंबरी जर्सी नाही, चड्डी नाही, मोजे नाहीत. बस झाडली, कपडे बदलायची खोली झाडली, त्या क्लबाच्या किटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काळे मोजे परत मागतोयस की काय?" हसून ठेवला. हिरवी जोडी खुर्चीवरच आहे, वर धूळ बसली आहे. आतापर्यंत तो दर वेळी कपडे परत ठेवत आला, ताई. दर वेळी. घाम, चिखल, काही असो, ठेवून जायचा. या वेळी ठेवले नाहीत.

पुढची मॅच आता सप्टेंबरात. तोवर ते कपडे घालून जाणार कुठे?

मी खोलीला कुलूप लावून घरी आलो. दोनदा परत जाऊन पाहिलं. जुनं यंत्र बंद होतं, तरी भिंतीपासून पुढे आलेलं.

तुला तो शनिवारी दिसला का? कुठे तरी, शेवटी?

ठोंब्या


८ एप्रिल

ठोंब्या,

मॅचमध्ये नाही दिसला. मॅच संपून सगळे हात मिळवत बाहेर गेले, मैदान रिकामं झालं, आणि चॅनेलवर जाहिरात लागली. मी पांढरी, निळी, पांढरे रंगवून पेन्सिली डब्यात ठेवल्या. वर्षाचा तक्ता पूर्ण झाला. लेकीने तो भिंतीवर लावला आहे. येईल त्याला दाखवते, "आमची आई बघा, एकही चूक नाही." डॉक्टरांनी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. माझी खोली माझीच राहिली. हे सगळं तुझ्यामुळे, आणि ते मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

तुझं पत्र यायच्या आधीचं सांगते. रविवारी सकाळी लेक न्हाणीघरातून मला खूण करत बाहेर आली. हातात ओले मोजे. पांढरे, टाचेला चिखल. ओठांवरून कळलं, विचारत होती, "हे कुणाचे?" जावयाचे नाहीत, तो पांढरे घालत नाही. मी म्हटलं, "माझे आहेत. रात्री पाय गार पडतात." तिने माझ्या पायांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. मी तिच्या हातातून घेतले आणि साबण लावायला बसले. ती चहा ठेवायला गेली. मला वाटतं तिला विचारायचं नव्हतं.

एकात एक खोवलेले होते. डावा बाहेर, उजवा आत.

मी तुला लिहिलं होतं की तो म्हणजे हे नाहीत, कारण तो पळतो. त्या एका कारणावर मी फार विसंबले.

मोजे माझ्या खिडकीत वाळत घातले आहेत. तक्त्यात याची नोंद केलेली नाही, करणारही नाही. फरशी मी रोज पुसते आहे; पाणी कुठून येतं ते लेक विचारते, मी नळाकडे बोट दाखवते. तू ट्रंक शोधू नकोस आणि तिकडे फोन करत बसू नकोस. मोजे मिळाले. जर्सी आणि चड्डी अजून अंगावरच असणार.

ताई